तिसऱ्या स्लॅबचे पाणी

मी, हरिश्चंद्र जगन्नाथ चुरी, वय वर्षे ७८, धंदा इमारती बांधणे व त्या बांधून झाल्यावर फोन न उचलणे, राहणार सांडोर, वसई पश्चिम, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र आज दिनांक ९ जानेवारी २०२६ रोजी माझ्या हाताने लिहायला घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉ. कॅरल यांनी मला आजचा वार, नातवाचे नाव आणि शंभरातून सात-सात वजा असे चार वेळा करायला लावून तशी खात्री करून घेतली आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. दडपण टाकण्याचे काम घरात आजवर मीच करत आलो.

वकिलांनी टाइप करून दिलेला मसुदा मी बाजूला ठेवला आहे. त्यात माझे आयुष्य चार पानांत बसले होते आणि त्यातले एक पान नुसत्या ‘सदरहू’ या शब्दाने भरले होते. मी खाडाखोड करणार नाही. काही चुकले तर पुढच्या कलमात दुरुस्त करीन, इमारतींतही माझी हीच पद्धत होती.

खरे सांगायचे तर हा सगळा खटाटोप जूचंद्रच्या एका प्लॉटसाठी आहे. त्या प्लॉटवर बावीस कुटुंबे राहतात आणि त्यांच्या पायाखालची जमीन अजून माझ्या नावावर आहे. ती त्यांना मिळणार की माझ्या मुलाला, एवढाच प्रश्न आहे. त्या कलमापर्यंत जायचा धीर यावा म्हणून आधीची कलमे लिहितो.

१. यापूर्वी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले मी रागात केले होते आणि दुसरे मुलगा केयूर याच्या गाडीत बसून.

२. सांडोरचे राहते घर आणि मागची वाडी. ही वडिलोपार्जित असल्याने माझा हिस्सा तेवढाच मला देता येतो. तो पत्नी यशोदा हिला तिच्या हयातीपर्यंत आणि तिच्यानंतर मुलगी हेमांगी हिला. वाडीतल्या केळी, पानवेल आणि दोन रामफळे यांसह. घराची दारे-खिडक्या माझ्या वडिलांनी, म्हणजे बापूंनी, सागाच्या केल्या आहेत. त्या बदलून कुणी अॅल्युमिनियमच्या बसवू नयेत. अॅल्युमिनियमच्या खिडक्या किती टिकतात हे मी आयुष्यभर लोकांपासून लपवले आहे.

मी बेचाळीस इमारती बांधल्या आणि त्यांतल्या एकीतही एक रात्र राहिलो नाही. गिऱ्हाईक विचारायचे, “शेट, तुम्ही आपल्या बिल्डिंगमध्ये का नाही राहत?” मी म्हणायचो, “मला केळीच्या सावलीची सवय आहे.” हे खोटे नव्हते. फक्त कारण ते नव्हते.

३. धंदा. ‘केयूर-हेमांगी कन्स्ट्रक्शन्स’ ही फर्म मी १९८३ साली पानांच्या दोन टोपल्या विकून आलेल्या भांडवलावर सुरू केली, असे मी प्रत्येक भूमिपूजनाला सांगत आलो. भांडवल प्रत्यक्षात यशोदेच्या पाटल्यांचे होते. ते ऐकायला बरे वाटत नाही म्हणून टोपल्या आणल्या. मुले झाल्यावर फर्मला दोघांची नावे दिली. नाव दोघांचे आणि खुर्ची एकाची, हे त्या वेळी मला अन्यायाचे वाटले नाही. हेमांगी इंजिनियर झाली तेव्हा मी तिला म्हणालो, “साइटवर बायका शोभत नाहीत.” त्याच वेळी साइटवर पंचवीस बायका डोक्यावरून खडी वाहत होत्या. त्या मला दिसत नसाव्यात.

फर्म, तिची यंत्रे, आचोळ्याचे ऑफिस आणि तिथले दोन रिकामे प्लॉट हे सर्व केयूर यास. फर्मच्या नावातून हेमांगीचे नाव काढून टाकावे, अशी हेमांगीची लेखी मागणी आहे. वाचून वाईट वाटले. मागणी रास्त आहे.

४. हत्यारे आणि राग. माझी थापी, लेव्हलची नळी आणि ऑफिसातली लाकडी खुर्ची केयूरला. ऑफिसात लावलेले ‘समाजभूषण’ हे मानपत्र कुणालाही देऊ नये. ते छापण्याचा खर्च मीच केला होता.

माझा चुलतभाऊ, जो आता नाही, त्याने १९८३ साली माझी अर्धी वाडी तोडताना पाहून म्हटले होते, “हऱ्या, केळी कापून काय लावणार, विटा?” त्याचा राग मी चाळीस वर्षे धरला. तो आता सोडतो. विटाच लावल्या.

ओळंबा मात्र माझा नाही. तो पास्कलचा आहे. पास्कल माझा शेजारी, सांडोरचाच, आणि पहिल्या अकरा इमारतींचा मुकादम. भिंत सरळ आहे की नाही हे तो ओळंबा लावायच्या आधीच सांगायचा, तरी लावायचा. १९९४ साली तो साइट सोडून निघून गेला आणि ओळंबा तिथेच राहिला. तो परत करायचा. का निघून गेला, ते पुढच्या कलमात येईल. आता टाळण्यासारखे काही उरलेले नाही.

५. मौजे जूचंद्र येथील प्लॉट व त्यावरील ‘यशोदा छाया’ ही तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत.

या इमारतीतले फ्लॅट मी १९९४-९५ साली विकले. सोसायटी नोंदली गेली. कायद्याप्रमाणे त्यानंतर लवकरच जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. याला अभिहस्तांतरण म्हणतात. हा शब्द गिऱ्हाइकाला धड उच्चारता येईपर्यंत आमच्या दोन इमारती उभ्या राहिलेल्या असतात. जमीन करून द्यायची नाही, ही आमच्या धंद्याची रीतच आहे. इमारत म्हातारी झाली की पाडायची, वाढीव मजले आपण घ्यायचे, आणि राहणाऱ्यांना जे मिळेल त्यात समाधान मानायला लावायचे. म्हणून सही लांबवायची.

सोसायटीच्या सेक्रेटरी सुमेधा नेरूरकर अकरा वर्षे माझ्या ऑफिसात येत राहिल्या. त्यांच्या हातात निळी फाइल. प्रत्येक वेळी मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि “कागद तयार होतायत ताई” असे सांगितले. त्या साखरेचा चहा पीत नाहीत हे मला पाठ झाले, पण कागद तयार झाले नाहीत. शेवटी त्यांनी सरकारकडे अर्ज केला, तेव्हा माझ्या वकिलाने हद्दीचा वाद काढून तो अडवला. हद्दीचा वाद शेजारच्या प्लॉटच्या मालक कंपनीशी होता. ती कंपनीही माझीच.

मागच्या वर्षी इमारतीवर ‘धोकादायक’ अशी नोटीस लागली. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत लोखंडी टेकू दिले आहेत. यशोदा त्या रस्त्याने जाईनाशी झाली. मला म्हणाली, “सगल्या दुनियेत माझ्या नावाला धोकादायक पाटी लावली तुमी. निदान स्वतःचं नाव द्यायचं होतं.”

केयूरने लगेच आराखडा केला. बावीस मजल्यांचा टॉवर. जुन्या लोकांना मागच्या बाजूला, आहे त्यापेक्षा लहान घरे. “बाबा, जागा आपल्या नावावर आहे, त्यांच्याकडे ऑप्शनच नाही. सही करतील,” असे तो म्हणाला. बरोबर म्हणाला. हा धंदा मीच त्याला शिकवला आहे.

आणि इथे ते लिहायचे, जे मी कुणालाही सांगितलेले नाही.

हेमांगीने स्वतःहून त्या इमारतीच्या स्लॅबचा तुकडा काढून प्रयोगशाळेत दिला. अहवाल घेऊन ती घरी आली आणि म्हणाली, “बाबा, काँक्रीटमध्ये मीठ आहे. सळया आतून गंजून फुगल्यात. पाणी कुठलं वापरलं होतं?” मी म्हणालो, “इतक्या वर्षांचं कुठे आठवतंय.”

हेमांगी, मला आठवत होते.

मे १९९४. तिसऱ्या स्लॅबचा दिवस. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबचा साचा, भाड्याचे, मजूर पन्नास, मिक्सर धडधडत होता, एकीकडे मजुरांच्या जेवणाचे पातेले चुलीवर चढवलेले. ज्यांचे छत ओतले जाणार होते ते बुकिंगवाले आले होते. नेरूरकर पतीपत्नी पेढे घेऊन आले होते. गोड्या पाण्याचा टँकर आला नाही. प्लॉटच्या मागे एक विहीर होती, तिच्यात भरतीला मिठागराचे पाणी उतरायचे. पास्कलने बादली काढली, हातावर पाणी घेतले आणि माझ्याकडे पाहिले. “हरी, पानी खारा हाय.”

आम्ही वाडीवाले. पाणी चाखायला आम्हाला लहानपणी शिकवतात. उन्हाळ्यात विहीर मचूळ व्हायला लागली की बापू जिभेवर थेंब घेऊन सांगायचे, हे आज केळीला लावा, पानवेलीला नको. मीही बादलीत बोट बुडवून जिभेला लावले. खारट होते. पानवेलीला सोडाच, केळीलाही मी ते दिले नसते. बावीस घरांना दिले.

मी म्हणालो, “सिमेंटला काय चव कळते? टाका.” पास्कल म्हणाला, “टाक तू,” आणि चपला घालून चालू लागला. त्या स्लॅबला काही झाले नाही, म्हणून चौथाही त्याच पाण्यात टाकला. संध्याकाळी मी पेढा खाल्ला.

तरी सदर प्लॉट, त्यावरील सर्व वाढीव बांधकामाच्या हक्कासह, माझ्या मृत्यूनंतर ‘यशोदा छाया’ सहकारी गृहनिर्माण संस्थेला मिळावा. केयूरला यातला एक फूटही मिळू नये.

६. आज १० जानेवारी. काल रात्री पाचवे कलम लिहून मला फार हलके वाटले. इतके हलके वाटावे असे मी काही केले नव्हते, हे आज सकाळी पास्कलने दाखवून दिले.

साक्षीदार म्हणून त्याला बोलावले होते. बत्तीस वर्षांत तो माझ्या ओटीवर दोनदा आला, दोन्ही वेळा कुणी वारले होते म्हणून. मी त्याला ओळंबा दिला. त्याने तो खिशात टाकला. मग मी पाचवे कलम वाचून दाखवले. मला वाटले तो खूश होईल.

“म्हंजे तू मेल्यावर देनार.”

“हो. कायदेशीर आहे.”

“आनि केयूर कोर्टात नाय जानार?”

जाणार, हे मला माहीत होते.

“दहा वर्सं चालल कोर्टात. तवर ती बिल्डिंग उभी ऱ्हाईल का? तुला मुलाच्या तोंडाकडं बघून सही करायचं धाडस नाय, म्हनून मेल्यावर करतो. मी नाय साक्षीदार ऱ्हानार असल्या कागदाला.”

मी चिडलो. म्हणालो, “तू तरी त्या दिवशी कुणाला सांगितलंस? पाणी तुलाही कळलं होतं.”

तो उठता उठता परत ओटीवर बसला. मग म्हणाला, “नाय सांगितलं. दर वर्सी फादरकडं पाप सांगतो. फादर दर वर्सी सांगतात, मला नको सांगू, त्या घरांना जाऊन सांग. मी नाय गेलो. तुझ्यापेक्षा मी काय मोठा नाय.” आणि चहा न घेता गेला.

७. वरील कलम आणि हे कलम यांच्यात नऊ आठवडे गेले आहेत. मधल्या काळात पुढील गोष्टी घडल्या.

केयूरला मी ऑफिसात नव्हे तर घरी बोलावून सांगितले. त्याने ओरडावे अशी माझी तयारी होती. तो ओरडला नाही. म्हणाला, “बाबा, माझं काय चुकलं? जमीन शेवटपर्यंत सोडायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. आता तुम्ही चांगले झालात आणि मी वाईट ठरलो.” माझा मुलगा वाईट नाही, माझ्यासारखा आहे. हे लिहिताना मला रडू आले, याची नोंद असावी.

त्यानंतर तो पंधरा दिवस घरी आला नाही. त्या पंधरा दिवसांत मी दोनदा सही टाळली. एकदा माझे गुडघे दुखत होते आणि एकदा अमावस्या होती. तिसऱ्या वेळी यशोदेने माझ्या चपला दारात मांडून ठेवल्या आणि म्हणाली, “पाटल्या दिल्या तवा मी तिथी बघितली नवती.”

दिनांक २५ फेब्रुवारी २०२६ रोजी दुय्यम निबंधकांसमोर मी अभिहस्तांतरणाच्या दस्तावर सही केली. अंगठ्याचा ठसा मशीनवर पाच वेळा उमटला नाही. चुना-सिमेंट हाताळून रेषा गेल्या आहेत, असे कारकून म्हणाला. सहाव्यांदा उमटला. सुमेधाताईंनी दस्त निळ्या फाइलमध्ये ठेवला, आभार मानले नाहीत, आणि मला चहा पाजला. साखर विचारून घातली.

सबब पाचव्या कलमाखाली देण्यासारखे आता माझ्याकडे काही उरलेले नाही. ते कलम रद्द. त्यातली हकीकत मात्र रद्द नाही.

८. ती हकीकत मी दिनांक १५ मार्चच्या रविवारी सोसायटीच्या सभेत उभा राहून सांगितली. सभा तळमजल्यावर, टेकूंच्या मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून भरली होती. मागच्या रांगेत पास्कल येऊन बसला होता. मी त्याला बोलावले नव्हते.

मी सांगून थांबलो. मग सुमेधाताई म्हणाल्या, “तुम्ही चाखून बघितलं होतं?”

“हो.”

“खारट आहे हे कळलं?”

“हो.”

“आणि त्या संध्याकाळी आमच्या हातचा पेढा खाल्लात.”

“हो.”

त्यांचे यजमान आता नाहीत. शेवटची सहा वर्षे ते अंथरुणावर होते, त्याच स्लॅबखाली. पावसाळ्यात पोपडे पडायचे म्हणून त्यांच्या खाटेवर रात्रभर ताडपत्री बांधून ठेवत असत, हे मला त्या दिवशी कळले. सुमेधाताईंनी ते रडून सांगितले नाही. इतिवृत्ताच्या वहीत मान खाली घालून लिहिता लिहिता सांगितले.

सभेने दोन ठराव केले. पहिला, जमीन दिल्याबद्दल श्री. हरिश्चंद्र चुरी यांचे आभार. दुसरा, निकृष्ट बांधकाम जाणूनबुजून केल्याबद्दल श्री. हरिश्चंद्र चुरी यांच्यावर पोलिसांत तक्रार. दोन्ही ठराव एकमताने मंजूर झाले. पुढच्या बांधकामाची जी जाहिरात सोसायटी देणार आहे, तिच्यात आमच्या फर्मने अर्ज करू नये अशी अट आहे. मी आयुष्यात बरीच करारपत्रे वाचली. इतके नेटके लिहिलेले दुसरे पाहिले नाही.

९. बँकेतील ठेवींपैकी अर्धी रक्कम यशोदेला. उरलेल्या अर्ध्यातून ‘यशोदा छाया’च्या कुटुंबांचे नवी इमारत होईपर्यंतचे घरभाडे द्यावे. ते हेमांगीने द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती म्हणून मी तिलाच नेमतो. साइटवर ती शोभेल.

१०. पोलिसांतील तक्रारीविषयी. केयूरने कालच एका मोठ्या वकिलाशी बोलणे केले आहे. वकिलांचे म्हणणे असे की बत्तीस वर्षांनंतर काही सिद्ध होत नाही, विहीर बुजली आहे, टँकरवाला वारला आहे, आणि सभेत म्हाताऱ्या माणसाने भावनेच्या भरात काहीबाही बोलणे हा पुरावा नव्हे. शिवाय माझे वय पाहता प्रकरण उभे राहीपर्यंत मीच नसेन. हे सांगताना केयूरच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी माया दिसली. बापाला वाचवतोय असे त्याला वाटत होते. पोरा, तुझी माया मला पोचली. वकील मात्र परत पाठव.

मी हयात असताना खटला उभा राहिला तर मी गुन्हा कबूल करीन. मी नसताना राहिला तर माझ्या वारसांपैकी कुणीही माझा बचाव करू नये. डॉ. कॅरल यांनी माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला दिलेला आहेच, त्याचा उपयोग इस्टेटीपुरता न ठेवता तिथेही करावा. पाचवे कलम ही माझी जबानी समजावी. ती मी कुणाच्याही दडपणाखाली नव्हे, तर पूर्ण शुद्धीवर, पाणी चाखून दिली आहे.

याच्या दोन प्रती केल्या. एक हेमांगीपाशी, एक सुमेधा नेरूरकर यांच्या निळ्या फाइलमध्ये. प्रत्येक पानावर माझी सही आहे.

ठिकाण : सांडोर, वसई
दिनांक : १७ मार्च २०२६

(सही) हरिश्चंद्र जगन्नाथ चुरी

साक्षीदार :

१. मी डॉक्टर असून लिहून देणार यांना तपासले आहे. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. त्यांनी माझ्यासमोर सही केली व मी त्यांच्यासमोर केली.
(सही) डॉ. कॅरल

२. हरीने माझ्यासमोर सही केली. मी त्याच्यासमोर केली. कलम ५ मध्ये लिहिलेल्या दिवशी मी तिथे हजर होतो. पाणी मीसुद्धा चाखले होते. बोलावतील त्या कोर्टात येईन.
(सही) पास्कल, मुकादम